खोडाचा काटा

ताडकळसला सिद्धोधनरावांच्या फाटकावर बोगनवेल दाट फुलली होती. तिच्याखालून जाताना एक काटा नागसेनसरांच्या नव्या पँटीत मागून शिरला. सर घाईनं पुढे गेले, पँट जराशी मागेच राहिली. टर्रर्र!

बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर आज आई सरजाबाईंसोबत मुलगी बघायला आले होते. मागे हात लावून पाहिलं, तर पँट चांगली वीतभर फाटली होती. 'जय भीम' म्हणत, खेकड्यासारखे आडवे सरकत ते बैठकीत पोचले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"बसा की," सिद्धोधनराव म्हणाले.

"न्हाई, उभंच बरं हाय."

पोहे त्यांनी उभ्यानंच खाल्ले. घरातल्या आजींच्या पाया पडायची वेळ आली, तर लांबूनच हात जोडले. सिद्धोधनरावांची लेक नीलम चहा घेऊन आली. मुलगी पाहताक्षणी मनात भरली, त्यामुळे सरांना घाम जास्तच फुटला. पण भिंत काही सुटेना.

"बस रं! माझी इज्जत घालवायलास का?" सरजाबाई दात-ओठ खात पुटपुटल्या. स्थळ नापसंत असल्याचं पोरगा असं दाखवतोय, अशी त्यांची खात्रीच झाली.

सिद्धोधनरावांना मात्र वेगळीच शंका आली. "ताई, स्पष्टच इचारतो. पोराला कसली खोड तर न्हाई ना?"

काट्याच्याच विचारात बुडालेल्या सरांच्या कानावर 'खोड' एवढंच पडलं.

"खोडच की!" सर वर्गात असल्यासारखे बोलू लागले. "बोगनवेलीचा काटा म्हंजे खोडाचंच बदललेलं रूप. त्येच्याच आधारानं वेल वर चढती, अन् गुरं बी तोंड लावत न्हाईत."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नीलमच्या मात्र ध्यानात आलं. "फाटकापाशी पँट फाटली का तुमची?"

सरांनी मान खाली घातली.

"आरारारा!" सिद्धोधनरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "आमाला वाटलं, पोराला मूळव्याध हाय! लय घोर लागला होता बगा."

हसण्यानं बैठक दणाणली. सरजाबाईंचा तर जीवच भांड्यात पडला. सिद्धोधनरावांनी आपली लुंगी आणून दिली, पँट शिवायला आत गेली आणि सर अखेर ऐसपैस मांडी घालून बसले. मग त्यांनी मोकळ्या मनानं आणखी पोहे मागून घेतले.

तेवढ्यात शेजारची राजेश्री विरजण मागायला डोकावली. लुंगीतला पाहुणा बघून दारातच थबकली.

"अगं बया! बघायला येणार होते म्हनं. जावई तर मुक्कामालाच आलाय की!"

'न्हाई' असं कुणीच म्हणालं नाही. नीलम तर मुळीच नाही.