डेटाबेस बाय-टू

"एकच लायब्ररी घ्या सर. कुठलीही घ्या, पण एकच!" विनुता इतकी तडकली, की शेजारी उभ्या गिऱ्हाइकाने आपली सांबाराची वाटी जवळ ओढली.

जयनगरातल्या उपाध्यांच्या या दर्शिनीसाठी, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या हॉटेलासाठी, ॲप करायचं होतं. नेट गेलं तरी ऑर्डर फोनमध्येच साठायला हवी. फोनमधल्या डेटाबेसशी थेट बोलायचं नाही, मध्ये दुभाष्यासारखी एक तयार कोडची लायब्ररी ठेवायची, एवढा साधा मामला. पण कुठली, यावर महिनाभर काथ्याकूट चालला होता. तिचा सहकारी चिन्मय, त्याला नवी हवी, कारण ती वेगवान. साहेबांना, म्हणजे नागभूषणना, जुनी हवी, कारण ती ओळखीची. तुलनेच्या तक्त्यांनी ऑफिसची भिंत भरली आणि विनुताची रजा लटकली. "ॲप चालू झालं की लगेच शिवमोग्ग्याला जा," असं साहेब म्हणाले होते. तिथे तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. बहीण काय लायब्ररी ठरेपर्यंत थांबणार होती?

नागभूषणनी नेहमीप्रमाणे एका कॉफीचे दोन पेले केले, अर्धी चिन्मयपुढे सरकवली आणि एकदम उजळले.

"बाय-टू! ऑर्डरचं पान याच्या लायब्ररीत, स्वयंपाकघराची यादी माझ्या. कुणाचं मन मोडायला नको."

"सर, डेटाबेस म्हणजे कॉफी नव्हे!"

"विनुता, जरा जुळवून घ्यायला शिक."

तिने दात-ओठ खात जुळवलं. दोन्ही लायब्रऱ्यांनी फोनमध्ये आपापला वेगळा संसार थाटला. रविवारी सकाळी ॲप सुरू झालं. ऑर्डरी एका डेटाबेसात पडत होत्या, स्वयंपाकघर दुसऱ्यात डोकावत होतं. यादी कोरी बघून आचारी निवांत पान लावत बसला. बाहेर लोक इडलीसाठी काउंटर बडवू लागले.

"काय हो स्वामी," उपाध्ये कडाडले, "बाहेर जत्रा आणि आत सुतक? हे ॲप केलंय की शाप दिलाय?"

साहेबांचा चेहरा पडला. "विनुता, तू चार दिवसांची रजा मागितली होतीस ना? आता दोनच घे. बाय-टू."

विनुताने बॅग खांद्याला अडकवली. "चालेल की सर! मग कामही वाटून घेऊ. लग्न मी बघते, उपाध्यांना तुम्ही बघा. चारही दिवस."

'एकच घ्या' हा तिचा धोशा काउंटरमागून ऐकलेल्या उपाध्यांनी तिला स्वतः रिक्षा थांबवून दिली. रिक्षा वळताना तिने मागे पाहिलं. चिन्मय काउंटरवर चिठ्ठ्या लिहीत होता आणि साहेब त्या घेऊन स्वयंपाकघराकडे पळत होते.