जरा बघून येतो

मन्मथअप्पांना मी एका बैठकीत जेवताना कधी पाहिलं नाही. पंगतीत भातावर वरण पडलं की ते ताट सोडून उठत, "जरा बघून येतो" म्हणत आणि टेकडीकडे चालू लागत. वाढपी त्यांच्या ताटावर एक पत्रावळ उपडी घालून पुढे सरकत. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, अक्षता पडायच्या ऐन वेळी ते मांडवातून नाहीसे झाले होते. नवरदेवाकडच्यांना वाटलं, बाप रडू आवरायला गेला. अप्पा व्हॉल्व्ह बघायला गेले होते.

शिरूर कासारच्या पुढे आमचं गाव. उन्हाळ्यात टँकर येतो, टेकडीवरच्या टाकीत पाणी ओततो आणि गावची सहकारी पाणी सोसायटी ते एक दिवसाआड नळांना सोडते. टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा, हे अप्पांचं काम. चाक घट्ट आवळून ते पाइपाला कान लावत. मग खाली तळहात धरून थेंब पडतो का ते बघत आणि मोठ्याने म्हणत, "बंद. बंद. बंद." टेकडी उतरून लिंबाच्या झाडापर्यंत येत. तिथे शंका येई. परत वर.

व्हॉल्व्ह आजवर एकदाही उघडा राहिलेला नव्हता. मी तसं म्हणालो, तर म्हणाले, "न्हाई राहिला गुरुजी, म्हणूनच तर भ्या वाटतंय. कवातरी राहीलच की."

मी शाळेत शिक्षक, त्यांचा शेजारी. ती टाकी माझ्या ओट्यावरून दिसते. अप्पांच्या शंकेचा खरा त्रास माझ्या बायकोला, सुमनला. कुंपणाशी येऊन अप्पा विचारत, "वैनी, तुमी बघितलं ना? बंद केला ना मी वॉल?"

"केलात, अप्पा," ती तांदूळ निवडता निवडता म्हणे.

"नक्की?"

"नक्की."

पाच मिनिटांनी पुन्हा. एकदा वैतागून तिने देवाची शपथ घेतली. अप्पा म्हणाले, "देवानं बघितलंच असंल वैनी. पर तुमी बघितलं का?"

गावाला यात आजार दिसला नाही. दुष्काळात पाण्याची एवढी काळजी वाहणारा माणूस कुठे मिळतो! सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमननी त्यांना शाल, श्रीफळ आणि 'कर्तव्यदक्ष' असं छापलेलं मानपत्र दिलं. अप्पा माइकसमोर आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "जरा बघून येतो." टाळ्या थांबेनात.

मग कडा गावी दिलेल्या त्यांच्या लेकीला मुलगी झाली. बारशाला अप्पा एसटीत बसले आणि अर्ध्या वाटेत उतरून परत आले. पुढे दोनदा तसंच झालं. एका सकाळी ते कुंपणाशी आले, पण व्हॉल्व्हचं विचारलंच नाही. "वैनी," म्हणाले, "नात रांगायला लागली म्हणं. अन् मी हितं त्या चाकाला बांधलेला."

सुमनने सूप बाजूला ठेवलं. पुढच्या आठवड्यात ती आम्हा दोघांना घेऊन बीडच्या सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, चाक एकदाच बंद करायचं आणि घरी यायचं. परत बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. भीतीला शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा आणि नुसतं बसून राहायचं. ती चढेल, मग आपोआप उतरेल. सुमनला तिने वेगळं काम दिलं. "हे विचारतीलच. 'बंद आहे' असं सांगू नका. 'माहीत नाही' म्हणा. यांना खात्रीशिवाय राहायची सवय लावायची आहे."

चेअरमनना हे कळलं तेव्हा ते थेट आमच्या ओट्यावर, अप्पांसमोर आले. "काय रं मन्मथ, एकदाच बंद करणार? ऐन चैतात?" मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, ह्याचा आजार गावाच्या फायद्याचा हाय. बरा कशाला करता?"

पहिल्या दिवशी अप्पा चाक बंद करून आमच्या ओट्यावर येऊन बसले. दोन्ही हातांनी गुडघे आवळलेले.

"वैनी, बंद हाय ना?"

"माहीत नाही, अप्पा."

"माहीत न्हाई? मग शेजारी कशाला ऱ्हाता?"

"आकडा किती?"

"शंभर. त्याच्या वर आकडा हाय का त्या बाईकडं?"

सुमन समोर बसून राहिली. मी दाराआड पुस्तक उघडून बसलो होतो, पान काही उलटत नव्हतं. तासाभराने आवाज आला, "सत्तर." मग बऱ्याच वेळाने, "चाळीस. आयला, उतरतंय की वैनी!" दावं तोडून गेलेलं जनावर आपणहून गोठ्यात आलेलं बघावं, तसे ते आपल्याच हातांकडे बघत होते.

हे एका दिवसात झालं नाही. कधी ते मागच्या वाटेने टेकडीवर जाऊन येत. सुमन त्यांच्या चपलांवरची पांढरी माती बघे.

"गेलात ना?"

"गेलतो," अप्पा खाली मान घालून म्हणत.

"बरं. उद्या पुन्हा बसू."

मला तिचं ते 'माहीत नाही' कठोर वाटायचं. एकदा म्हणालो, "सांगून टाक ना, बंद आहे म्हणून." ती म्हणाली, "सांगितलेलं दहा मिनिटं पुरतं. मग त्यांना आणखी लागतं."

अखेर अप्पा कड्याला निघाले, दोन दिवसांसाठी. चाक चेअरमननी स्वतःच्या हाताने बंद करायचं ठरलं. सुमनने नातीसाठी शिवलेलं झबलं त्यांच्या पिशवीत घातलं. "आल्यावर मला सगळं सांगा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना सुमन खाली बसली, ती उठली नाही. याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

दुपारी आम्ही स्मशानातून परतलो. अंगण माणसांनी भरलं होतं. मी ओट्यावर बसून टेकडीकडे बघत होतो, सवयीने. चारच्या एसटीतून अप्पा उतरले. कुणीतरी कड्याला फोन केला असणार. एसटी टेकडीच्या पायथ्यालाच थांबते. लिंबाखाली ते उभे राहिले. तिथून व्हॉल्व्ह पन्नास पावलांवर. दोन दिवस त्याला दुसऱ्याचा हात लागलेला. मला वाटलं, आता वर जाणार.

अप्पा घराकडे वळले.

पिशवी मांडीवर घेऊन ते माझ्याशेजारी बसले. लोक बोलतात तसलं काही बोलले नाहीत. म्हणाले, "पोरगी मांडीवर झोपली, गुरुजी. झबलं बराबर बसलं. वैनीला सांगायचं ऱ्हायलं."

ऊन उतरलं. माणसं एकेक करून निघाली. अप्पांनी गुडघे आवळलेले होते, बोटं पांढरी पडली होती.

"अप्पा," मी म्हणालो, "जाऊन बघून या. आज मी काही म्हणणार नाही."

"न्हाई जात." मग सुमन विचारायची त्याच सुरात त्यांनी विचारलं, "तुमचं किती?"

मला आकडा सापडेना. मी विचारलं, "हे उतरतं का, अप्पा?"

जन्मभर ज्यांनी साऱ्या गावाला 'नक्की ना?' म्हणून विचारलं, ते अप्पा कुंपणाजवळ सुमन तांदूळ निवडायला बसायची त्या जागेकडे बघत राहिले. 'हो' म्हणाले असते, तर मला दहा मिनिटं तरी पुरलं असतं.

"माहीत न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. पिशवी खाली ठेवली आणि मांडी घालून नीट बसले.