छान ही चव नाही

राणेकाकूंसमोर ‘छान’ म्हणायला बंदी आहे. डोंबिवलीच्या आमच्या पोळी-भाजी केंद्रात कढई त्यांच्या ताब्यात आणि पोळपाट माझ्या. भाजी उतरवण्याआधी त्या चमचाभर माझ्या तळहातावर घालतात आणि म्हणतात, “बोल, मंगल.”

पहिल्या दिवशी मी लाजत म्हटलं, “छान आहे.”

“छान साडी असते. छान ही चव नाही गं. चवीचं नाव सांग.”

शाळेत मी गप्प बसले की बाई पुढच्या मुलीला विचारायच्या. काकू पुढे जातच नाहीत. तव्यावर पोळी फुगून बसली तरी माझा हात धरून उभ्या.

“अळणी?” मी घाबरत म्हटलं.

“मीठच नसेल तर अळणी. मी घातलंय. मग?”

“सपक?”

“सपक म्हणजे तिखट, आंबट, कशालाच जोर नाही. तसं आहे का?”

“नाही. मिठाला जरा कमी आहे.”

“मग तसं बोल की! तोंडात काय घास आहे?”

होता ना. त्यांनीच दिलेला.

खोबरं खवट की नुसतं शिळं, लसूण खरपूस की करपट, सगळं विचारणार. “खरपूस आणि करपट यांत मान वळवण्याइतकंच अंतर असतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी राहते त्या दिवा गावात टँकरचं पाणी येतं, त्याला मचूळ म्हणतात हेही त्यांनीच सांगितलं. आधी मी नुसतीच थुंकायचे.

स्वतः मात्र कधी चव घेणार नाहीत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी विचारलं तर नवस.

“काकू, सगळे देव तुमच्याच वाट्याला आले का हो?” केंद्राच्या मालकीणबाई हसायच्या.

“मग? तुम्ही सोडलेत ते कोणी सांभाळायचे?”

परवा दुपारी मी चहा केला. उपवासाला चहा चालतो, म्हणून पहिला कप काकूंना दिला. त्यांनी तो फुंकर मारत सगळा प्यायला आणि म्हणाल्या, “छान झालाय गं.”

छान! मी चमकून बघितलं. मग माझ्या कपातून घोट घेतला आणि मोरीकडे धावले. साखरेऐवजी मीठ पडलं होतं.

परत आले तेव्हा काकू रिकाम्या कपाकडे बघत होत्या.

“खारट होता?” त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

“मोठा ताप आला होता ना मला, त्यात नाकही गेलं नि जीभही. काही म्हणजे काही लागत नाही.” त्यांनी पदराने कढईचा कान पुसला. “मालकीणबाईंना बोलू नकोस हं. त्या मला घरी बसवतील. घरी मी एकटी. कोणासाठी फोडणी घालू?”

मला पटकन बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आमटी उकळत होती. बाई शेजारीच डबे भरत होत्या. काकूंनी डाव हातात धरला होता, पण विचारलं नाही. मीच तळहात पुढे केला. चाखलं आणि बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, “चिंच पुढे आलीय, गूळ मागे राहिलाय. मीठ बेताचं. खोबरं खरपूस आहे, करपट नाही.”

“आज मंगलला कंठ फुटला की!” बाई म्हणाल्या.

काकूंनी गुळाचा खडा टाकला, ढवळलं आणि माझ्या हातावर पुन्हा आमटी घातली.

“आता बोल.”

‘छान’ अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि मी पुन्हा चव घेतली.