लालबागच्या हरेश्वरराव धुरींनी नेम स्थिर केला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. लालबाग मुलुखी, जेथे गिरण्यांचे भोंगे थंडावोन काचेचे मनोरे उठू लागले होते, तेथे राजश्री हरेश्वरराव धुरी, पूर्वी गिरणीत साचेखात्याचे, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवरचे, मातब्बर कामगार, यांनी संगणकातील आकाशी गनिमाचे विमान कोणे प्रकारे पाडिले, ते वर्तमान जाणत्यांनी सादर चित्ते ऐकावे.

संप बुडाला, गिरणीस टाळे पडले, आणि त्या दगदगीत रावांचे उजवे हातास कंप जडला. डॉक्टर जाहले, वैद्य जाहले, गुण नाही. मग रावांनी चारचौघांत बसणेच सोडिले. कॅरमचा दरबार सोडिला, भजनातील टाळ सोडिला, आणि बहुत वर्षे गॅलरीत एकले बसोन राहिले. पुढे कन्या सरोजिनी यांनी घरी संगणक आणिला, त्यात विमान उडविण्याचा खेळ निघाला, आणि राव त्यात ऐसे रमले की जेवणाचे भान नुरले.

तो चाळीच्या गणेशोत्सवात त्याच खेळाचा सामना जाहीर जाहला. तळमजल्यावर संगणकाचा क्लास चालविणारे जगदीशराव, गतसालचे विजेते, जिन्यात गाठोन वदले, "काका, तुम्ही नुसतं बघायला या. हात थरथरतो तुमचा, उगाच लोक हसतील."

हे शब्द काळजास झोंबले. राव तैसेच खाली जाऊन नाव देऊन आले.

मग शस्त्राची मसलत पडली. कीबोर्डाने विमान धक्के खात चाले, सबब जॉयस्टिक, म्हणजे विमानाचा दांडा, आणणे प्राप्त जाहले. पितापुत्री लॅमिंग्टन रोडच्या बाजारावर चालोन गेली. पहिला दांडा ऐसा कडक की रेटावयास जोर लावावा आणि नेम पार पलीकडे जावा. दुसरा ऐसा सैल की रावांचा कंप तमाम पडद्यावर उतरे. दुकानदार तोंड फिरवोन हसला, रावांनी ते पाहिले, आणि कान तापले तरी पाऊल मागे घेतले नाही. तिसरा बेताचा, हलक्या हाताने वळणारा, सोडिता आपण होऊन मध्यावर येणारा. तो पसंत करोन स्वारी घरास आली.

परंतु नेम ठरेना. सरोजिनीबाईंनी संगणकात तजवीज केली की दांडा मध्याभोवती किंचित हलला तर विमानाने दादच देऊ नये. पहिले वख्ती ही मोकळीक इतकी वाढली की राव दांडा वळवीत राहिले आणि विमान नाकासमोर डोंगरात गेले. मग ती थोडथोडी उतरविली. तरी नेम सरकेच. रावांनी दांडा सोडिला आणि हताश होऊन म्हणाले, "जगदीश बोलला तेच खरं. हा हात कामातून गेला."

तो स्वयंपाकघरातून सौभाग्यवती मंजुळाबाई प्रकटल्या. पदरास हात पुसोन फर्मान सोडिले, "हात कापता तर कापांदे. पण तो डबो टेबलार नाचता, तेका आदी बांधा!"

सर्वांनी पाहिले तो खरेच, दांड्याची बैठक सनमायक्यावर घसरत होती. तत्काळ पोळपाट मागविला, त्यावर बैठक सुतळीने आवळली, खाली ओले फडके घातले, आणि कोपरास गोधडीची घडी दिली. हात कापतच राहिला. नेम मात्र ठरला.

सामन्याचे दिवशी मंडपात खच्चून गर्दी. जगदीशरावांनी दांडा गदगदा हालवोन दारूगोळा उधळिला. गनीम साफ निसटला. मग राव पोळपाटासह बैठकीवर आले, तो हशा पिकला. उठोन जावे ऐसे एकदा मनात आले. परंतु कोपर गोधडीवर टेकिले, गनिमास वळो दिले, जवळ येवो दिले, आणि बरोबर मध्यावर येताच खटका दाबिला. विमान पेट घेवोन कोसळले. मंडपात एकच गिल्ला जाहला. जगदीशराव पुढे होऊन म्हणाले, "काका, तो पोळपाट मला दाखवा जरा."

इतक्यात मंजुळाबाई गर्दी सारोन आल्या आणि म्हणाल्या, "उठा आता. माका बसांदे."

बसल्या, दांडा दोन्ही हातांनी धरिला आणि विमान थेट समुद्रात घातले. राव ऐसे खदखदोन हसले की तैसे हसणे चाळीने गिरणी चालू असतानाच ऐकिले होते.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. गनिमाचे विमान एक पडले, स्वपक्षाचे एक समुद्रास मिळाले, आणि पोळपाट मंडपातच अडकल्या कारणे त्या रात्री धुरींचे घरी भातावर भागविले. इति.