दहा किलोचा पाय

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि क्लचची माझ्याएवढी जाण असलेला माणूस कोल्हापूरच्या अख्ख्या उद्यमनगरात नव्हता. ही फुशारकी नाही. ज्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं ते मेले, म्हणून सांगतोय. शिक्षण चौथी. त्या साली बसाण्णानं ते पाचवीपर्यंत नेलं.

बसाण्णाची ओळख कुणालाही एका वाक्यात पटायची: दवाखान्यात आपण ज्याच्यावर उभं राहून वजन करतो, तो चपटा काटा घेऊन गावातल्या गाड्यांचे क्लच मोजत फिरणारा म्हातारा. पिशवीत काटा, काखेत पिशवी. सिग्नलला गाडी थांबली की खिडकीत वाकायचा आणि म्हणायचा, "पावणं, जरा क्लच मोजू का?" समोरचा 'काय?' म्हणेपर्यंत ह्यानं दार उघडून काटा पेडलवर टेकवलेला असायचा. मग ड्रायव्हरनं काट्यावरनं पाय दाबायचा आणि ह्यानं डोकं खाली घालून आकडा वाचायचा. अर्धा बसाण्णा गाडीत, अर्धा कोल्हापुरात. वाचून झालं की एकच प्रश्न. "पाय काय म्हणतोय?"

उसाचा ट्रॅक्टर बावीस किलो. शाळेची बस अठरा. एकदा तर ह्यानं फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी अडवली. करवलीला वाटलं आरटीओचा साहेब कागद तपासतोय, तिनं पुढं केला पेढ्यांचा बॉक्स. बसाण्णानं पेढा खाल्ला, क्लच मोजला, अकरा किलो, आणि नवरदेवाला सांगितलं, "हलका हाय. सुखात ऱ्हाशील."

कागदावर नाव बसगोंडा. मूळ गाव सीमेकडचं, त्यामुळं घरात कानडी, दारात मराठी. पुरे झालं म्हणायचं असलं की 'साकु' म्हणायचा, आणि चहाला सोडून सगळ्याला म्हणायचा. इचलकरंजीत त्यानं बत्तीस माग चालवले. त्या खडखडाटात त्याचा कान बहिरा व्हायच्या ऐवजी तासला गेला. माझ्या दुकानात डोळे मिटून बसायचा आणि शेजारच्या लेथचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार म्हणून सांगायचा. आठव्या दिवशी जायचं. शेजारच्या लेथवाल्याला संशय होता की रात्री येऊन हाच काहीतरी करतो.

माग मोडल्यावर लोकांना वाटलं, म्हातारा आता फ्लॅट घेईल. ह्यानं घेतली पिवळी, दोन दारांची परदेशी गाडी. पहिल्या मालकानं तिला मोठा टर्बो बसवून साडेचारशे घोड्यांच्या ताकदीची केलेली. आमच्याकडं साधारण ऐंशी घोड्यांवर अख्खं घरदार देवाला जाऊन येतं. ती गाडी माझ्या दारात आली ती क्रेनला लटकून. क्लचप्लेट जळून कोळसा.

"मेस्त्री," बसाण्णा म्हणाला, "पंधरा दिसांनी रविवारी गाडी रेसच्या ट्रॅकवर पायजे. त्याच रविवारी. त्याच्या म्होरल्या गुरवारी दवाखाना हाय."

कसला दवाखाना ते मी विचारलं नाही. आमच्या वयात उत्तरं लांबतात.

मग अटी सांगितल्या. क्लच असा पाहिजे की ट्रॅकवर साडेचारशे घोडे एकदम सुटले तरी प्लेट घसरता कामा नये. आणि असा पाहिजे की महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं चालली पाहिजे, धक्का बसता कामा नये. आणि पेडल दहा किलोच्या वर जाता कामा नये. तिसरी अट सांगताना त्यानं काट्यावर थाप मारली.

मी हसलो. बाहेर उभे होते तेही हसले. हत्ती पाहिजे, पण मांडीवर बसणारा.

त्याला सरळ समजावलं. एवढ्या ताकदीला सिरॅमिकच्या बटणांची प्लेट लागते, ट्रॅक्टरला असते तसली, आणि तिला दाबून धरायला तगडी प्रेशरप्लेट. स्प्रिंग कडक, म्हणजे पेडल कडक. पायात दम नसेल तर माणसानं सायकल चालवावी. हे शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानं म्हणालो, कारण ऐकणारे बरेच होते.

बसाण्णा रागावला नाही. दुसऱ्या दिवशी सुतळीनं बांधलेला खोका घेऊन आला. आत दोन प्लेटांचा क्लच. एकावर एक दोन प्लेटा, वर हलकी प्रेशरप्लेट. म्हणाला, "ताकद नुसती दाबात न्हाय मेस्त्री, धरणाऱ्या अंगात बी हाय. एकानं करकचून धरण्यापरास दोघांनी हलकं धरावं. सुटत न्हाय."

"एका चुलीवर दोन सुना," मी म्हटलं. "आज न्हाय तर उद्या भांडत्यात."

"आमच्यात नांदत्यात."

"मग तुमच्यातच बसवून घ्या."

पन्नास वर्षं क्लच बसवले त्या माणसाला मागवाल्यानं क्लच शिकवायचा म्हणजे काय? खोका मी न उघडता रॅकखाली सरकवला. 'बघतो' म्हणालो. आमच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे बघणार नाही.

पुढचे दहा-बारा दिवस तो रोज आला. गाडी जॅकवर असली तरी तिच्यात जाऊन बसायचा, पण कायम डावीकडच्या सीटवर. मालक असून पाहुण्याच्या जागी. तिथंच चहा प्यायचा, तिथनंच मला आकडे सांगायचा. आज मालट्रक सव्वीस. आज डॉक्टरची गाडी नऊ. मधेच पिशवीतनं खडू काढून काहीतरी आठवल्यासारखा हसायचा आणि परत ठेवायचा. मला वाटलं, माग गेले आणि डोकंही थोडं गेलं.

रविवार दोन दिवसांवर आला तेव्हा, शुक्रवारी, मी गिअरबॉक्स चढवला. आत माझ्या मनाची बटणाची प्लेट, माझ्या मनाची प्रेशरप्लेट. खोका रॅकखालीच. दुपारी बसाण्णा आला. त्यानं काटा पेडलवर टेकवला आणि मला दाबायला लावलं. मी दाबलं. तो खाली वाकलेला होता, तो बराच वेळ वर आला नाही.

"तेवीस," तो म्हणाला.

"आता ट्रॅकवर न्या आणि घसरवून दाखवा," मी म्हटलं.

त्यानं काट्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसली, काटा पिशवीत ठेवला. "चांगलं केलंस मेस्त्री. संध्याकाळी घरी पोच कर."

भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याचं घर रुईकर कॉलनीत. गाडी घेऊन मी निघालो आणि दाभोळकर कॉर्नरला वाहतुकीत अडकलो. पाय सोडला की गाडी बोकडासारखी उडी मारायची, दाबून धरला की माझी मांडी लटपटायची. दोनदा बंद पडली. मागनं बसचा हॉर्न. शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं मान तिरकी करून विचारलं, "आजोबा, गाडी शिकाय लागलाय व्हय?" मी काच वर केली. मनात म्हटलं, रेसची गाडी अशीच असते.

बसाण्णाच्या दारात एक बाई उभी होती. पांढरे केस, हातात काठी, नऊवारी लुगडं आणि पायात कोरे पळायचे बूट. ही त्याची बायको, शांताक्का. मी उतरलो, तशी तिनं काठी माझ्या हातात दिली, लुगडं सावरलं आणि स्टेअरिंगवर जाऊन बसली.

मी बसाण्णाकडं बघितलं. तो नेहमीप्रमाणं डाव्या दारापाशी उभा होता.

"मला येत न्हाय चालवाय," तो म्हणाला. "दोन पायांचा मेळच बसत न्हाय. सुताचा टेंपो बी हीच चालवायची. वीस वर्सं. मी शेजारी."

शांताक्कानं डावा पाय पेडलवर ठेवला. पेडल निम्म्यापर्यंत गेलं आणि पाय थरथरायला लागला. तिनं गुडघ्यावर हात ठेवून वरनं जोर दिला, तेव्हा कुठं पेडल तळाला गेलं. गाडी चालू केली, पाय सुटला, गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा चालू केली. बसाण्णानं बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले होते. परत उडी.

"झकास हाय," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. "सवय झाली की बसंल. मेस्त्री, चहा घेऊनच जायचं."

आत स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक लाकडी खुर्ची होती, तोंड भिंतीकडं. भिंतीला जमिनीलगत, काटा टेकून टेकून पडलेला काळा डाग. वर खडूनं आकडे. साडेचार. पाच. पाच. सहा. मधे दोन दिवस परत पाच. मग सात, आठ, वर चढत चढत शेवटच्या ओळीला दहा, दहा, दहा. पुढं जागा मोकळी होती, आकडा वाढलेला नव्हता.

बसाण्णानं मी न विचारताच सांगितलं. रोज सकाळी ही खुर्चीत बसते, तो काटा भिंतीला धरतो, ही डाव्या पायानं दाबते. गुरुवारी तिच्याच गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरनं सांगितलंय, त्याच्यानंतर क्लचची गाडी विसरायची. "तिला एकदा मोकळ्या रस्त्यावर सोडायची हुती. म्होरं बैलगाडी न्हाय, एसटी न्हाय, सायकलवाला न्हाय. वीस वर्सं टेंपो चालीवला, कवा चाळीसच्या वर न्हाय गेली. मागं सूत गुंडाळल्याली बिमं हलत्यात म्हणून."

"मग मला आधी का न्हाय सांगितलं?"

उत्तर चहा गाळता गाळता शांताक्कानं दिलं. "मीच सांगू दिलं न्हाय. बाई चालीवणार म्हटलं की तुम्ही मेस्त्री लोक बायकी क्लच बसवता. बाजारापुरता. ट्रॅकवर तिसऱ्या गिअरला सुटतोय त्यो."

मी बशीत चहा ओतला. बाई चालवणार हे कळलं असतं तर मी नेमकं तेच केलं असतं. एक तर तसला बसवला असता, नाही तर असला. रॅकखालचा खोका काही उघडला नसता.

बसाण्णा तिच्या पायाशी खाली बसून बुटाची नाडी सोडत होता. "पाय काय म्हणतोय, शांता?" त्यानं हळू विचारलं.

"साकु म्हणतोय," ती म्हणाली.

मी चालत घरी आलो. 'चुकलं' हा शब्द काही मी तोंडातनं काढला नाही. चौथीपर्यंत ते शिकवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी त्याच्या दारात उभा होतो. बसाण्णा बाहेर आला. मी गाडीकडं बघत म्हणालो, "काल वाटेत आवाज येत हुता. क्लचमधनं. खोलाय लागंल."

बत्तीस मागांतनं एका मागाचा आवाज ओळखणारा माणूस तो. काल बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून त्यानं सगळं ऐकलं होतं. आवाज कसलाच नव्हता, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. 

"व्हय मेस्त्री," तो म्हणाला. "मला बी आला."

मग आत गेला, पिशवी घेऊन आला आणि डावीकडच्या सीटवर, काटा मांडीवर घेऊन बसला. दाभोळकर कॉर्नरला गाडी परत बंद पडली. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. आठच्या आत गिअरबॉक्स खाली होता. माझी कोरी प्लेट मी काढली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी दारावरच्या खिळ्याला अडकवली. मग गुडघ्यावर बसलो, रॅकखालचा खोका ओढला आणि त्याची सुतळी कापली.