बसू आण्णाचा उसना संसार

संगणकापुढे बसताना शड्डू ठोकणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. राजारामपुरीत आमच्या अगदी समोरच्या खोलीत राहायचा. आधी हात धुवायचा, बाह्या वर सारायचा, मांडीवर खाडकन थाप मारायचा आणि मग त्या बिचाऱ्या माऊसला असा धरायचा, की आता चितपट करूनच सोडणार!

हा आमचा बसू आण्णा. गडहिंग्लजकडचा, चाळिशीचा, सडाफटिंग. मसाल्याच्या पुड्या, मिठाईचे खोके यांवरची चित्रं तो संगणकावर काढून द्यायचा. "मिरची अशी काढाय पायजे, की बघणाऱ्याला ठसका लागला पायजे!" दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वीज कधीही जायची आणि दुपारभर रंगवलेलं चित्र क्षणात गडप व्हायचं. आण्णा शांत. "म्हशीनं चरवी लाथाडली, म्हणून काय धार काढायची सोडतोय व्हय?"

संध्याकाळी त्याचा फोन हटकून एंगेज. तेव्हा इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं, आणि त्यावर आण्णाचा कट्टा भरायचा. देशोदेशीचे चित्रकार तिथं आपली चित्रं टाकायचे आणि एकमेकांची खोड काढायचे. आण्णाचं इंग्रजी जेमतेम, पण धीर दांडगा. "त्या कोरियावाल्याला म्हटलं, घोडा झ्याक हाय, पर त्याला जरा वैरण घाल की!"

"आम्हालाही दाखव की तुझी चित्रं," असं म्हटलं, की पडदा झटकन बंद.

"ती तिकडच्या पावण्यांसाठी हैत, सर."

एके सकाळी हा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा. चेहरा पडलेला. बायको भाकरी थापत होती.

"अक्का, उद्याच्याला एक दिवस माझी बायको होतीस काय?"

भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली.

"बसूदादा, सकाळी सकाळी काय पिऊन आलाय तुम्ही?"

मग उलगडा झाला. आण्णा कट्ट्यावर वर्षानुवर्षं 'माझ्या घरची मंडळी' काढत होता. खमकी बायको, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरणारा भाऊ, झोपाळ्यावरून भांडणाऱ्या दोन पोरी. साऱ्या जगाला या मंडळींचा लळा लागलेला. पोर्तुगालातली एक म्हातारी तर लोणचं मुरलं का, म्हणून चौकशी करायची! आणि आता कॅनडाचा मार्टिन गोव्याहून बसनं येणार होता. या सगळ्यांना भेटायला.

"खोलीत मी आन् पाण्याचा माठ, दोघंच," आण्णा म्हणाला. "त्याला कळलं की समद्यांना कळणार. लबाड म्हणतील. परत कट्ट्यावर कुठल्या तोंडानं जाऊ? तेवढीच माणसं हैत मला."

माझ्यातला हौशी नट खडबडून जागा झाला. एका दिवसापुरतं आमचं घर आण्णाचं! आमच्या दोन पोरींना भूमिका वाटल्या. मला घोरणारा भाऊ मिळाला. एकही वाक्य नसलेली भूमिका, अन् तीही मला! बायकोनं मात्र ठणकावलं, "मी अक्का हाय ती अक्काच. पावण्याला जेवायला आणा. तोंड तेवढं मिटून ठेवते."

मार्टिन आला. ताडमाड, उन्हानं लालबुंद. मी प्रवेश घेणार, तोच त्यानं माझ्याकडं बोट दाखवून मोठ्ठ्यानं घोरून दाखवलं! धाकटीकडं बघून म्हणाला, "चावणारी ती हीच ना?" बायकोला वाकून नमस्कार केला. मग त्यानं पिशवीतून चित्रांच्या छापील प्रती काढल्या.

चित्रात माझ्या बनियनचं भोक जागच्या जागी होतं. बायको केसात कंगवा खोचून ओरडते, तो कंगवासुद्धा. आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की आण्णा खिडकीतून आभाळ बघतो!

आम्ही सगळे ताटांवर बसून पोट धरून हसत होतो. तेवढ्यात मार्टिननं सहज विचारलं, की एवढ्या चित्रांत आण्णा स्वतः कुठंच कसा नाही? मी आण्णाला ते मराठीत सांगितलं.

आण्णा पाण्याचा तांब्या घेऊन दारापाशी उभा होता.

"सांगा त्याला, सर. घर तुमचं हाय. मी समोर ऱ्हातो. बघतो आन् काढतो. कट्ट्यावर सांगायचं तर सांग म्हणावं."

बोलण्यात हार न जाणारा मी, पण "मार्टिन, ॲक्च्युअली..." एवढंच इंग्रजी बोलून भाकरी मोडायला लागलो. तोवर बायकोनं मार्टिनच्या शेजारी आणखी एक ताट वाढलं.

"अहो, तुमचं इंग्रजी ऱ्हाऊ दे. बसूदादा, तांब्या ठेवा आन् बसा."

ते भाषांतर आजतागायत राहूनच गेलंय. शब्द कळला नसेल, पण मार्टिननं सरकून जागा करून दिली. आण्णा अवघडून बसला. एक घास घेतला, सावकाश चावला.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "आमटीत मीठ कमी पडलंय."

मी दचकलो. पाहुणा असं कधी बोलत नाही.

"मग ऊठ आन् घे की," बायको कडाडली. "बरणी कुठं असती, ते आता मी दावू व्हय तुला?"

आण्णा उठला. आत गेला, आणि पिठाच्या डब्यामागची मिठाची बरणी न शोधता घेऊन आला.