शांतवन दारातच उभा असतो

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या दारव्ह्याच्या चर्चसमोर नवखा माणूस घुटमळला, की त्याची सुटका नसते. दारात शांतवन उभा असतो. चप्पल काढायची की नाही, या विचारात पाहुणा असतानाच तो त्याचा हात धरतो आणि म्हणतो, "या न. तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो."

पाहुण्याला वाटतं, या माणसाचा काहीतरी घोटाळा झालाय. तसे घोटाळे होतातही. एकदा यवतमाळची जीप भरेपर्यंत आमच्या भिंतीच्या सावलीला टेकलेल्या एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याला त्याने आत नेऊन बसवलं. जीपवाला बाहेर भोंगा वाजवू लागला, तेव्हा शांतवन त्याच्याकडे गेला. "थांब न लेका, भाऊची प्रार्थना चालू हाये. तू बी ये, सावली हाये आत." जीपवालाही आला. उरलेले प्रवासी मात्र उन्हात बसून आमच्या धर्माविषयी बरंच काही बोलले, असं नंतर कळलं.

पाहुण्याला बसवलं की शांतवन त्याच्या कानात सगळं समजावतो. त्याचं कानातलं बोलणं वेदीपर्यंत ऐकू येतं. "घाबराचं नाही. बाप्तिस्मा झाला असन, त भाकर घ्याची, मंग पेला. पेला लहान हाये, त्यात काळ्या मनुकाचा रस हाये, दुसरं काही नाही. बाप्तिस्मा नसन झाला, तरी बसून राहाचं नाही. हात छातीशी बांधून पुढं जाचं, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवते." ही आशीर्वादाची पद्धत आताच्या तरुण पाळकसाहेबांनी सुरू केली. त्याआधी बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवरच बसायचं असे.

नुकताच बाप्तिस्मा झालेल्या एका पाहुण्याने भाकरीचा तुकडा प्रसादासारखा कपाळाला लावला, तेव्हा मागे कोणीतरी हसलं. शांतवनने वळून त्या हसणाऱ्याकडे असं पाहिलं, की तो पुढचे दोन रविवार आजारी पडला.

एवढं सगळं करणारा हा माणूस स्वतः मात्र प्रभुभोजनाची भाकर घेत नसे. रांग लागली की तो दारात जाऊन उभा राही. मंडळीत यावर तर्क चालत. कोणी म्हणे, तरुणपणी काहीतरी पाप केलंय. कोणी म्हणे, डोक्याचा एक स्क्रू ढिला आहे. मी मंडळीचा जुना पंच, निवृत्त मास्तर. मला खरं कारण माहीत होतं, निदान तसं मी समजत होतो. आणि मी गप्प होतो.

शांतवनची बायको शेवंता मूळची ख्रिस्ती नव्हती, तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. लग्नानंतर ती त्याच्यासोबत येऊन बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसे. त्या काळी आम्ही पंच भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून फिरायचो. एका रविवारी तिने हात पुढे केला. मी ताट मागे घेतलं आणि पुढच्या बाईकडे वळलो. त्यानंतर शेवंता कधी आली नाही, आणि शांतवनने भाकर घेणं सोडलं. ती वारली, तरी तो दारातच उभा राहिला. त्याला पापी म्हणणाऱ्यांपुढे मला तोंड उघडता आलं नाही.

यंदा पावसाळ्याआधी एका रविवारी उपासना संपल्यावर तो पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या एकात एक घालत होता. मी म्हणालो, "शांतवन, त्या दिवशी शेवंताबाईपुढून ताट मी मागे घेतलं. माझं चुकलं."

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. "तुमचं? मास्तर, तुम्ही कायले चुकान? तुम्ही त ताट पुढं केलं होतं. मीच तिकडून मुंडकं हालवलं, देऊ नका म्हनून. मंग तुम्ही मागं घेतलं."

मला आठवलं. मी खरंच पुरुषांच्या बाजूला पाहिलं होतं.

"नियमाचा लय पक्का होतो मी तवा," तो म्हणाला. "ते घरी आली. मले जेवाले वाढलं. दुसऱ्या रविवारी म्हटलं चाल, त म्हने, तुम्ही जा, मी सैपाक करतो. जलमभर सैपाकच केला तिनं रविवारी. आता तिच्याबिगर कसा जेवू मी इथं?"

खरं सांगतो, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो उतरल्याची मला लाजही वाटली. कारण तो त्याच्या छातीवर किती वर्षं होता, ते मला तेव्हाच दिसलं. मी त्याच्या शेजारी गेलो. उरलेल्या खुर्च्या आम्ही दोघांनी मिळून एकात एक घातल्या.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी लवकर जाऊन दारात उभा राहिलो. "आज दार माझ्याकडे," मी म्हणालो.

"तुमाले जमन का? तुम्ही मानसाले आधी आडनाव इचारता."

"नाही विचारत. जा तू."

तो गेला. पुरुषांच्या बाजूला नाही. बायकांच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला. तिथल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, पदर सावरले आणि सरकून जागा केली.

रांग लागली, तेव्हा तो सगळ्यांत शेवटी उठला. दारातून मला त्याची पाठ दिसत होती आणि दोन्ही बाजूंना निघालेली कोपरं. त्याने हात छातीशी बांधले होते. पाळकसाहेब थोडे गोंधळले. इतका जुना सभासद, आणि बाप्तिस्मा न झाल्यासारखा उभा. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.

आशीर्वाद संपला, तरी शांतवन हलला नाही. पाळकसाहेब थांबले. पेटीवाल्याने गीताचं तेच कडवं पुन्हा वाजवायला घेतलं.

मग ती कोपरं हळूहळू खाली आली, आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.